आई, पूल आला

ही गोष्ट खरी आहे असं मी म्हणणार आणि ती खोटी आहे असं माझा भाऊ म्हणणार. कुणाचं ऐकायचं ते तुम्ही शेवटपर्यंत वाचून ठरवा.

माझं नाव युए-श्या. घरातले आ-श्या म्हणतात. तैवानमधल्या शीलो गावात राहते, सोया सॉसच्या कारखान्यात बाटल्या भरते. लग्न केलं नाही. भुताखेतांच्या गोष्टींची मला हौस नाही.

आणि एक आधीच सांगते. तुम्हाला इथे अमावस्या, काळोखी रात्र असलं काही हवं असेल तर ते मिळणार नाही.

जे झालं ते भर दुपारी झालं. गेल्या वर्षी जूनमध्ये, च्वोश्वेइ नदीवरच्या लांबलचक लाल पुलावर. पाऊस धो धो कोसळत होता. गाडीत आम्ही तिघंच होतो.

तिघंच... असं माझा भाऊ म्हणतो.

पण आधी आईचं सांगायला हवं.

आमच्याकडे डोंगरात आलुबुखार पिकायला लागले की झड लागते. दिवसचे दिवस उघडीप नाही. भिंतींना बुरशी, कपड्यांना कुबट वास. लोक वैतागून घरात बसतात. आमची आई मात्र वर्षभर याच दिवसांची वाट बघायची.

"उन्हात कसलं फिरायचं?" ती म्हणायची. "उन्हात सगळं जग फिरतं. पावसात अख्खा डोंगर आपल्या दोघींचा!"

आणि खरंच तो आमचा असायचा. नान्तोउच्या घाटात बस चढायला लागली की ढग खिडकीतून आत यायचे. कालपर्यंत कोरड्या असलेल्या कड्यावरून आज धबधबा पडत असायचा. वर गरम पाण्याच्या झऱ्यांचं एक लहानसं गाव आहे. तिथल्या लॉजचा मालक आम्हाला दरवर्षी नदीच्या बाजूची सगळ्यात चांगली खोली द्यायचा, कारण त्या दिवसांत दुसरं कुणी फिरकायचंच नाही. उघड्यावरच्या कुंडात आम्ही तासन्‌तास बसायचो. खाली अंग भाजतंय आणि वरून डोक्यावर गार पाऊस. आई लहान मुलीसारखी खिदळायची.

"लग्न झाल्यापासून मला कुणी भिजू दिलं नव्हतं गं," ती एकदा म्हणाली. "सासू गेली तेव्हा कुठे अंगभर भिजले!"

मग खोलीत येऊन बांबूच्या कोवळ्या कोंबांचं सूप. वर आलं घातलेल्या गुळवणीत शिजवलेली गरम रताळी. त्यातलं एक रताळं आई बाजूला काढून ठेवायची.

"आ-त्सायला फार आवडलं असतं हे."

आ-त्साय म्हणजे माझा थोरला भाऊ. त्याला ती दरवर्षी बोलवायची आणि तो दरवर्षी हसून टाळायचा. ते रताळं गार झालं की ती मला द्यायची. मी निमूट खायचे. राग यायचा, पण खायचे.

दोन वर्षांपूर्वी त्याच खोलीत आई गेली.

कुंडातून आली, केस पुसले, कानशिलांना पुदिन्याचं तेल चोळलं. ते तेल ती कायम जवळ ठेवायची. खिडकीपाशी आडवी झाली. म्हणाली, "जरा पाऊस ऐकते. जेवायला उठव."

उठवायला गेले... तर उठली नाही.

भाऊ आला, वहिनी आली, सोबत पुजारी आला. माझ्याकडे बघून दादाचं पहिलं वाक्य काय होतं माहितीये?

"म्हातारीला पावसात नाचवत होतीस ना? झालं समाधान?"

मी आईचे केस सारखे करत राहिले.

माणूस परगावी वारलं की त्याचा जीव तिथेच घोटाळतो. त्याला बोलावून घ्यायचं आणि उदबत्तीच्या मागोमाग घरी न्यायचं, अशी आमची रीत आहे. वाटेत पूल आला की थोरल्या मुलानं मोठ्यानं सांगायचं, "आई, पूल आला! चल!" बोगदा आला तरी तसंच. न सांगता गाडी पुढे गेली तर जीव अलीकडेच राहतो. त्याला आपलं आपण पाणी ओलांडता येत नाही.

उदबत्ती दादाच्या हातात दिली गेली. मी त्याच गाडीत बसायला निघाले तर वहिनीनं दार धरलं.

"तुम्ही मागच्या गाडीत बसा, वन्सं. इथे घरची माणसं बसतात."

मी बसले मागच्या गाडीत. पुढच्या गाडीत कुणी हाका मारल्या का, किती मारल्या, मला काहीच ऐकू आलं नाही. फक्त पाऊस ऐकू येत होता.

वर्ष गेलं. वर्षश्राद्धाला देवघरासमोर आईच्या आवडीचं सगळं मांडलं. मग कौल लावला. अर्धचंद्राच्या आकाराचे दोन लाकडी तुकडे जमिनीवर टाकायचे. एक उताणा, एक पालथा पडला की होकार. दोन्ही पालथे पडले की नकार.

दादानं विचारलं, "आई, जेवलीस का?"

नाही.

पुन्हा टाकले. नाही.

आमचे मामा ऐंशीच्या घरातले. त्यांनी हात पुढे केला आणि स्वतः टाकले. प्रश्नही वेगळा विचारला.

"ताई... तू घरात आहेस का?"

नाही.

उदबत्त्या जळत होत्या, पण खोलीत कुणी नसल्यासारखं वाटत होतं. मी तिथे रोज झाडायचे, रोज चहा ठेवायचे, आणि वर्षभर मला तसंच वाटत आलं होतं. कुणाला सांगितलं नव्हतं, एवढंच.

आमच्यात आईच्या बाबतीत मामाचा शब्द शेवटचा. त्याच्यापुढे कुणाचं काही चालत नाही.

"आ-त्साय, वाटेत पूल सांगितले होतेस?"

"सांगितले ना, मामा."

"सगळे?"

"एखादा राहिला असेल. फोन सारखा वाजत होता."

"आईला घरी आणत होतास की टेम्पोतून माल आणत होतास?" मामांनी तुकडे खाली ठेवले. "उद्या निघायचं. जिथे सोडलीस तिथून तिला घेऊन यायचं. आ-श्याला सोबत ने. कौल ती लावेल. हाक तू मारायचीस."

दादाची मान खाली होती. वहिनी त्याच्याकडे एकटक बघत होती. ती नजर मला तेव्हा कळली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळीच निघालो. झड लागलेली होतीच. दादा गाडी चालवत होता, वहिनी त्याच्या शेजारी. मागे मी, मांडीवर उदबत्तीचा डबा. माझ्या शेजारची जागा रिकामी.

वाटेतल्या प्रत्येक पुलावर गाडी थांबवली. मी भिजत उतरायचे, कौल लावायचे. आई, इथे आहेस का?

नाही.

पुढच्या पुलावर... नाही.

घाट चढलो. बोगदे मागे पडले. मला वाटायला लागलं, आता ती कुठेच सापडणार नाही.

शेवटी आला तो लॉजच्या खालचा जुना, अरुंद पूल. त्याच्यापुढे फक्त लॉज, मग रस्ताच नाही. मी पलीकडच्या टोकाला जाऊन ओल्या दगडावर तुकडे टाकले.

हो.

पुन्हा टाकले. हो. तिसऱ्यांदाही, हो.

पाठोपाठ वास आला... पुदिन्याच्या तेलाचा. अगदी जवळून, कुणी शेजारी उभं असल्यासारखा.

आणि मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. घरी जाताना हा पूल सगळ्यात पहिला लागतो. म्हणजे एखादा पूल राहिला नव्हता. दादानं पहिलाच पूल सांगितला नव्हता. ज्या खोलीत ती गेली तिची खिडकी इथून दिसते. ती खिडकी बघत माझी आई वर्षभर या पावसात उभी होती.

"सापडली," मी गाडीपाशी येऊन म्हणाले. "चल दादा. बोलाव तिला."

"आधी काहीतरी खाऊ या." त्यानं हात चोळले. "सकाळपासून पोटात काही नाही."

"दादा, ती इथे उभी आहे!"

"वर्षभर थांबली, अर्धा तास थांबेल."

लॉजमध्ये तो दोन वाट्या सूप प्यायला. खिडकीबाहेर ढग खाली उतरत होते, समोरचा कडा पांढराशुभ्र झाला होता. वाटी खाली ठेवून तो म्हणाला, "मस्त आहे की गं इथं! मला कधी कुणी आणलंच नाही."

मी वाटी घट्ट धरून बसले. नाहीतर ती त्याच्या डोक्यात घातली असती.

मग निघालो. मी उदबत्ती पेटवली. पुलाच्या तोंडाशी दादानं काच खाली केली आणि ओरडला, "आई, पूल आला! चल!"

गाडी पुलावर गेली.

टिंग...

टिंग... टिंग...

"कसला आवाज?" वहिनी दचकली.

दादानं समोर बघितलं. "मागच्या सीटचा पट्टा लावा म्हणतेय गाडी. आ-श्या, पट्टा लाव."

"माझा लावलाय."

"मग शेजारी पिशवी ठेवलीयेस का?"

शेजारी काही नव्हतं.

टिंग... टिंग... टिंग...

मी रिकाम्या जागेवरचा पट्टा ओढला, अडकवला.

आवाज थांबला.

वहिनीनं पुढे बघत देवाचं नाव घ्यायला सुरुवात केली. मी सीटवर हात ठेवून बघितला. सीट ओली होती.

दादा आता घाबरला होता. प्रत्येक पुलावर, प्रत्येक बोगद्यात जीव तोडून हाक मारत होता. आणि मी... खरं सांगते, मला तो प्रवास आवडला. भीती वाटत होती, तरी आवडला. वळणावळणावर धबधबे कोसळत होते. ढग रस्त्यावरून गाडीला आडवे जात होते. मी हळूच म्हणाले, "आई, तो बघ, आपला धबधबा. यंदा केवढा झालाय!"

वहिनी वळून माझ्यावर खेकसली, "वन्सं, गप्प बसा हो!"

मी बोलत राहिले. वाटेत जे जे आम्ही बघायचो ते सगळं दाखवत राहिले. गाडीभर तेलाचा वास होता. वर्षभरात पहिल्यांदा मला एकटं वाटत नव्हतं.

घाट संपला. सपाटी लागली. दुपारचे तीन वाजले असतील. आणि समोर तो लाल पूल दिसायला लागला.

हा शेवटचा. त्याच्या पलीकडे, नदीच्या बांधाला लागूनच आमचं घर. मामा दारात बसून असणार, आईच्या आवडीचं जेवण मांडून असणार. एक हाक, की संपलं.

मी वाट बघत होते.

दादा गप्प.

पुलाचा पहिला खांब आला. "दादा, पूल."

त्यानं खिडकीची काच वर केली.

"दादा... पूल आलाय!"

त्यानं रेडिओ लावला. आवाज वाढवला. गाडीत कुठलंतरी नाचाचं गाणं वाजायला लागलं.

मी त्याचा खांदा धरून हलवला. "हाक मार! दादा, हाक मार!" तो समोर बघत होता. आरशात त्याचे डोळे दिसत होते. त्या डोळ्यांत विसराळूपणा नव्हता. वहिनीनं तोंड खिडकीकडे फिरवलं होतं.

मग मीच ओरडले. घसा फाटेपर्यंत. "आई, पूल आला! आई, चल! माझ्याबरोबर चल!"

पावसानं काही दिसत नव्हतं. फक्त लाल कमानी एकामागून एक मागे पडत होत्या.

आणि माझ्या शेजारी...

खट्.

पट्टा सुटला. कुणी सोडवावा तसा. सरसर करत आपल्या जागी गेला.

वास गेला. सीटवर हात ठेवला तर सीट कोरडी होती.

घरी मामांनी कौल लावला. नाही. पुन्हा नाही. मी सगळ्यांसमोर सांगितलं, यानं शेवटच्या पुलावर हाक मारली नाही. दादा म्हणाला, पाऊस होता, समोरचं दिसत नव्हतं, गाडी सांभाळू की हाका मारू? मामा म्हणाले, आत्ताच्या आत्ता परत जा. दादा म्हणाला, उद्या जातो.

सगळे पांगल्यावर मी त्याला मागच्या अंगणात गाठलं. तो सिगारेट ओढत होता.

"तू विसरला नव्हतास."

त्यानं धूर सोडला. "नाही."

"पहिल्या वेळी?"

"तेव्हाही नाही."

"अहो, कशाला बोलताय?" वहिनी आतून म्हणाली.

"बोलू दे. कळू दे तिलाही." तो माझ्याकडे वळला. "हे घर विकायचं तर देवघरापुढे कौल लावावा लागतो. पितरांचा होकार यावा लागतो. आई आत असती तर तिनं दिला असता? जिवंतपणी तीन वेळा विचारलं मी तिला. तीनदा नाही म्हणाली. मेल्यावर हो म्हणेल?"

"म्हणून तिला पुलावर सोडलंस? आईला?"

"तुला काय कळणार? तुला ना नवरा, ना पोरं. तुला फक्त फिरायचं माहीत."

त्या क्षणी माझा भाऊ माझ्यासाठी मेला. फरक इतकाच, की त्याला घरी आणायला मी कुठे गेले नसते.

दुसऱ्या दिवशी तो गेला नाही. नंतरही गेला नाही. पाऊस संपल्यावर त्यानं घर विकलं. कौल लावला तेव्हा पहिल्याच फटक्यात होकार आला म्हणे. येणारच. देवघरात आता शब्द चालायचा तो आधीच गेलेल्या बाबांचा, आणि बाबांनी हयातीत कधी कुणाला नाही म्हटलं नव्हतं. आता तिथे तीन मजली घरांची रांग उभी राहतेय. दादा-वहिनी ताइचुंगला, अकराव्या मजल्यावर. मामा त्यांच्याशी बोलत नाहीत. मी भाड्याच्या खोलीत.

पण त्या दुसऱ्या दिवशी मी एक केलं. दादा उठत नाही म्हटल्यावर दुपारी उदबत्ती घेतली आणि एकटीच पायी त्या पुलावर गेले. अख्खा पूल चालून पलीकडच्या टोकाला पोहोचले. उदबत्ती पावसानं केव्हाच विझली होती. ट्रक अंगावर पाणी उडवत जात होते.

"आई," मी म्हणाले. "मी आलेय. आ-श्या. चल घरी."

काही नाही.

"आई, पूल आहे. मी हात धरते. चल."

पुदिन्याचा वास आला...

आणि मग आवाज आला. घोगरा नाही, भयाण नाही. स्वयंपाकघरातून यायचा तसा, रोजचा आवाज.

"आ-त्साय आलाय का?"

मी तिथेच उभी राहिले. इतक्या झडी मी तिच्यासोबत काढल्या. तिची गार झालेली रताळी खाल्ली. तिला शोधायला प्रत्येक पुलावर भिजत उतरले ती मी. आणि ती विचारत होती, तो आलाय का.

खरं सांगावंसं वाटलं. एका वाक्यात सांगता आलं असतं.

"गाडी लावतोय, आई," मी म्हणाले. "येतोच."

"बरं. थांबते." मग म्हणाली, "घाई करू नको म्हणावं. रस्ते निसरडे झालेत."

मी पूल ओलांडून परत आले तेव्हा रडत होते की पाऊस होता, मला सांगता येणार नाही.

गेल्या वर्षी झड संपेपर्यंत मी रोज गेले. उघडीप असली की काही नसायचं. पाऊस असला की तोच वास आणि तोच प्रश्न. मी रोज तेच उत्तर दिलं. तो येतोय. गाडी लावतोय.

यंदा पुन्हा पाऊस लागला. परवा दुपारी मी पुलावर गेले. सवयीनं पलीकडच्या टोकाकडे निघाले... आणि मध्येच थांबले.

वास मध्यावरच आला.

आपलं आपण पाणी ओलांडता येत नाही, असं पुजारी सांगतात. मामाही तेच सांगतात. पण पुलाच्या बरोबर मधोमध, माझ्या कानाशी तिचा आवाज आला. या वेळी प्रश्न वेगळा होता.

"कुठे लावलीय गं त्यानं गाडी? सांग. मीच जाते."

मी पळाले. सरळ पळत सुटले, मागे वळून बघितलं नाही. तिला मी पत्ता सांगितलेला नाही.

घरी आल्यावर मात्र नकाशा उघडून बसले. इथून ताइचुंगपर्यंत वाटेत कुठले कुठले पूल लागतात, ते बघितलं. कशासाठी बघितलं ते मला विचारू नका. दादाला फोन करावा का, तेही अजून ठरत नाही. फोन हातात घेते आणि ठेवून देते.

आज दिवसभर लख्ख ऊन आहे. हवामान खात्यानं उद्या दुपारपासून पुन्हा पाऊस सांगितलाय.